दोन ओळींची सकाळ

मंगळवार, रात्र

काल रात्री आडवी झाले आणि दोन ओळी आल्या. उशाशी वही असतेच. अंधारातच खरडल्या, एकमेकींवर चढलेल्या अक्षरांत. सकाळी लावून वाचल्या तेव्हा अशा होत्या:

दिवा विझल्यानंतर
खोली ऐकू येऊ लागे

दोन्हीकडे आठ-आठ अक्षरं. अर्धवट झोपेतही अष्टाक्षरी बरोबर पडली होती. पण ‘लागे’ खटकलं. बोलताना मी ‘लागे’ कधीच म्हणत नाही, ‘लागते’ म्हणते. ‘लागते’ केलं की नऊ अक्षरं होतात आणि ओळ लंगडते. म्हणजे ‘लागे’ तिथे आलं ते फक्त एक अक्षर वाचवायला. जुन्या कवितेत हे रूप शोभतं, कारण ते तिच्या भाषेतलंच असतं. माझ्या तोंडी ते उसनं वाटतं.

‘खोली ऐकू येते मग’ करून पाहिलं. आठ भरली, पण वर ‘नंतर’ आणि खाली ‘मग’, एकाच कामाला दोन माणसं. बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. मग लक्षात आलं की अडचण क्रियापदाची नव्हतीच. दिवा विझला की खोली ऐकू येते, असा मी नियम सांगत होते. काल तर नियम वगैरे काही नव्हता. दिवा मी घालवला होता, आणि पंख्याची कुरकुर, कपाटाच्या लाकडाचा एकच ‘कट्’ आणि त्यानंतर माझाच श्वास, हे सगळं मला ऐकू आलं होतं.

‘दिवा विझवला आणि’? हात आला, पण हा शब्द फुंकर मारणाऱ्याचा. ‘दिवा मालवला आणि’? आठच अक्षरं, कानाला गोड, पण त्या गोडव्यात अंगाईचा सूर मिसळलेला आहे. मी तर बटण दाबलं होतं.

दिवा बंद केला आणि
खोली ऐकू आली मला

हे झालं तेव्हा ऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचलं होतं. आपण बोलताना म्हणतो तेच शब्द, त्याच क्रमानं. इथवर यायला पाच खोडलेल्या ओळी लागल्या. मी खोडताना एकच रेघ मारते, खालचं वाचता यायला हवं. आज त्या वाचल्या म्हणूनच कळलं की प्रत्येक वेळी मी जरा जास्त ‘कवितेसारखं’ लिहीत होते.

‘तुम्हाला सुचतं कसं?’ असं लोक विचारतात, तेव्हा मला इंग्रज कवी कोलरिज आठवतो. ‘कुब्ला खान’ ही कविता झोपेत आयती सुचली, जाग आल्यावर उतरवून घेत असताना कुणीतरी कामासाठी आलं आणि उरलेली विसरली, असं त्यानं १८१६ साली ती छापताना सांगितलं. त्या कवितेचं त्याच्या हातचं हस्तलिखित आजही आहे, आणि ते छापील कवितेशी तंतोतंत जुळत नाही. हस्तलिखितात सुपीक जमीन ‘दोनदा सहा मैल’ आहे, छापताना ती ‘दोनदा पाच’ झाली. स्वप्नातल्या मैलांवरही त्यानं हात फिरवला. तो फिरवणारा हात मला त्या स्वप्नाइतकाच प्रिय आहे.

आणि बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या कामाच्या ओघात तोंडातून यायच्या, घरातली शिकलेली मुलं त्यातल्या काही टिपून ठेवायची. १९५१ साली त्या गेल्या आणि त्यांची कविता पुस्तकरूपानं आली ती १९५२मध्ये. मला नेहमी वाटतं, कागदच नसेल तर जिभेवर न बसणारा शब्द टिकणारच नाही. ‘लागे’सारखी तडजोड माझ्या वहीत महिनोन्महिने लपून राहू शकते, तोंडात ती दुसऱ्याच खेपेला टोचते. म्हणून मी ओळ आधी खोलीत फेऱ्या मारत मोठ्यानं म्हणते. दहा वेळा म्हणून न कंटाळणारी ओळ पक्क्या वहीत जाते. ती वही मग पंधरा दिवस खणात. त्याआधी उघडायची नाही, हे मी कसोशीनं पाळते.

मध्ये सात महिने एक ओळ आली नव्हती. फार वाईट दिवस होते ते, आजही त्यांची भीती वाटते. तेव्हा रोज सकाळी त्याच टेबलाशी बसून मी दुसऱ्यांच्या कविता हातानं उतरवून काढल्या. डोळ्यांनी वाचताना कळत नाही ते उतरवताना हाताला कळतं: ओळ इथेच का मोडली, हे विशेषण का गाळलं, इथे यमक सहज जुळत असूनही कवीनं ते का टाळलं. सात महिन्यांनी पहिली ओळ आली ती कपडे वाळत घालताना. हातात ओली चादर होती, वही आत. आत जाईपर्यंत ओळ मोठमोठ्यानं म्हणत राहिले.

तिसरी ओळ अजून आलेली नाही. तिच्यासाठी जागा सोडली आहे. दिवसभर एक शंका मात्र पाठ सोडत नाही: पहिल्या ओळीच्या टोकाला ‘आणि’ असा लोंबकळत ठेवावा का? मोठ्यानं म्हणताना तिथे श्वास क्षणभर अडकतो. पण काल बटणावरून हात काढला तेव्हाही तो असाच अडकला होता. राहू दे.