चुना टाकला म्हणजे जमीन साफ झाली असं नाही
कॅडमियम, शिसं यांसारखे जड धातू जमिनीत एकदा शिरले की ते कुजत नाहीत, तिथंच राहतात, त्यामुळे चुना किंवा बायोचार (काडीकचरा कमी हवेत जाळून केलेला कोळसा) टाकून जमीन साफ होते असं कुणी म्हटलं की मला खरंच काळजी वाटते. होतं एवढंच की धातू मातीला घट्ट धरून बसतो आणि मुळांना कमी मिळतो. आम्ल जमिनीत चुन्यानं पीएच, म्हणजे जमिनीची आम्लता दाखवणारा आकडा (तो कमी तितकी जमीन जास्त आम्ल), ६.५ च्या आसपास आणला की कॅडमियम बरंच अडतं, आणि पालेभाज्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचं कारण पानांत ते सहज साठतं. शिसं फॉस्फेटनं, म्हणजे स्फुरदाच्या क्षारानं, बांधलं जातं. पण आर्सेनिक असेल तर थांबा! फॉस्फेट त्याला उलट मोकळं करतं, चुन्यानंही तसं होऊ शकतं. म्हणून माती आधी तपासून घ्या, आणि पीएच हळूहळू परत उतरतो, त्यामुळे काही वर्षांनी पुन्हा तपासा.