आमची वाटचाल : चिकलठाण्याच्या गाळ्यातून

२००७ साली चिकलठाणा एमआयडीसीत भाड्याने गाळा घेतला. वाळूजच्या औषध कंपन्यांची एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक सुटे करून मोजणारी मशीनं, दुरुस्त करता करता त्यांच्या विक्रीत उतरलो. पुढची वर्षं बरी गेली.

मग एका एचपीएलसीचं टेंडर आलं. नांदेडच्या एका कॉलेजातल्या मॅडमना वसमतच्या हळदीवर काम करायचं होतं. हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडं रचनेने इतकी सारखी, की नुसतं प्रकाशाचं शोषण मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर तिघांची बेरीजच सांगतो. मी त्यांचीच हळद आणली आणि सी-१८ कॉलमवर (घटक सुटे करणारी, बारीक कणांनी भरलेली नळी), ४२५ नॅनोमीटरच्या प्रकाशात तिघांची आलेखावरची शिखरं सुटी काढून दाखवली. कॉलममधले कण ५ मायक्रॉनचे, म्हणून ४०० बारचा पंप पुरेसा. पद्धती बदलत राहणार, म्हणून चार द्रावकं मिसळणारा क्वाटर्नरी पंप आणि एकाच वेळी अनेक तरंगलांबी बघणारा पीडीए डिटेक्टर मी सुचवला.

दुसऱ्या विक्रेत्याने भाव पाडला. त्याच्या कोटेशनमधून पीडीए गळला, ट्रेनिंग गळलं, एल-वन म्हणजे सर्वांत कमी भाववाला तो ठरला. वर कमिटीपुढे म्हणाला, "एकटा माणूस आहे, उद्या दुकान बंद केलं तर?" हे वाक्य मला आजही लागतं. डेमोचं मशीन मी कर्ज काढून आणलं होतं. आठ महिने हप्ते चालू आणि मशीन झाकून. हाताखालची दोन्ही मुलं सोडून गेली.

दिवाळीनंतर मॅडमचा फोन. सुट्टीभर फॉस्फेट बफर (क्षारांचं द्रावण) पंपातच राहिलेला, दाब स्थिर होईना. त्या विक्रेत्याचा इंजिनिअर पंधरा दिवसांनी येणार. कॉलेजकडून लेखी परवानगी घेतली आणि रात्रीची एसटी धरली. पंप हेड उघडलं, तर प्लंजरवर, म्हणजे आतल्या दांड्यावर, पांढरं मीठ, बोटाला खरखरीत. कोमट पाण्याने ते विरघळवलं, द्रव उलटा जाऊ न देणारे चेक व्हॉल्व्ह आयसोप्रोपॅनॉलमध्ये सोनिकेट केले, म्हणजे ध्वनिलहरींनी साफ केले, सील बदललं. दुपारी आलेखाची बेसलाइन सरळ. मी बिल लावलं नव्हतं. मॅडमनी सीलचे पैसे बळेच खिशात घातले.

पुढच्या खरेदीत त्यांनी अटींतच लिहिलं: डेमो आमच्याच सॅम्पलवर, इंजिनिअर ४८ तासांत. त्या खरेदीचं मशीन आम्ही दिलं.

मशीन घेणाऱ्यांना सांगतो, ब्रोशर नंतर बघा. पुढच्या पाच वर्षांत कोणते सॅम्पल येणार ते आधी कागदावर मांडा. सील, चेक व्हॉल्व्ह, डिटेक्टरचा ड्युटेरियम दिवा यांचे भाव कोटेशनमध्येच लेखी घ्या. दिवा साधारण २००० तासच चालतो. ऑनलाइन यूपीएसमध्ये काटकसर नको. आणि बफर चालवला की संध्याकाळी आधी पाणी, मगच मेथनॉल.

कर्जाचं ते डेमो मशीन मी विकलं नाही. नवीन मुलगा कामाला लागला की पहिलं पंप हेड त्याच्यावरच उघडतो.