चष्मा काढला आणि सुपरमॅन दिसला

१९७८ सालच्या ‘सुपरमॅन’मधला एक प्रसंग मी कितीदा मागे नेऊन पाहिलाय, मोजदाद नाही. पत्रकार लोइस आतल्या खोलीत गेलेली. बाहेर क्लार्क, म्हणजे चष्म्याआड ओळख लपवून वावरणारा सुपरमॅन, एकटाच. तो चष्मा काढतो, पाठ सरळ करतो, खांदे रुंदावतात, हनुवटी वर येते. उंचीच वाढल्यासारखी वाटते! आवाजही खाली उतरतो, ठाम होतो. आता हा खरं सांगणार, असं वाटतं, तोच धीर सुटतो. चष्मा परत नाकावर, खांदे पडलेले, आवाज पुन्हा चिरका. ना केप, ना उड्डाण. सुपरमॅन साकारणाऱ्या क्रिस्टोफर रीव्हनं सगळं नुसत्या अंगानं केलं.

सुपरमॅन होणाऱ्या नटाची माझ्यासाठी कसोटी हीच. पोशाखाचा निळा रंग गडद की फिका, यावर वाद घालणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्याच सिनेमात तो झाडावर अडकलेलं मांजर उतरवून एका लहान मुलीच्या हातात देतो, तेही कोसळणारं हेलिकॉप्टर झेललं त्याच रात्री, आणि दोन्ही कामं सारख्याच आपुलकीनं. १९३८ पासून कॉमिक्समध्ये असलेल्या या माणसाचं बळ दाखवणं सोपं आहे. त्याचा चांगुलपणा न लाजता दाखवायला मात्र नटाचा स्वतःचा त्यावर विश्वास लागतो. रीव्हच्या डोळ्यांत तो मला दर वेळी दिसतो.