माझा अनुभव: तीन शब्दांपाशी अडलेलं परीक्षण

‘आपल्याच माणसाच्या गोळीने’ या तीन शब्दांपायी माझे पाच आठवडे गेले. लेख मंजूर होऊन आता महिना होत आला, तरी ती चीड अजून पूर्ण निवलेली नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे. ज्ञानकोशातल्या एखाद्या चरित्रलेखाचं परीक्षण तुम्ही पहिल्यांदाच हाती घेणार असाल, त्यातही महायुद्धातल्या वैमानिकाचं, तर निदान तुमचा एवढा वेळ जाऊ नये.

लेख होता एडवर्ड हेन्री ऊर्फ बुच ओ’हेअर यांच्यावर. अमेरिकन नौदलाचे लढाऊ वैमानिक, शिकागोच्या विमानतळाला ज्यांचं नाव आहे ते. पद्धत अशी असते: लेखक आपला लेख परीक्षणासाठी रांगेत लावतो, त्या लेखात अजिबात हात न घातलेला कुणीतरी तो उचलतो, ठरलेल्या निकषांवर वाचतो, शेरे लिहितो, लेखक दुरुस्त्या करतो. भाषा स्वच्छ हवी, प्रत्येक विधानाला आधार हवा, महत्त्वाचं काही सुटलेलं नको, लेखाने कुणाची बाजू घेतलेली नको, चित्रांच्या हक्कांचा घोळ नको. दुरुस्त्यांसाठी साधारण सात दिवस देतात. मीही सातच धरले होते.

पहिला भाग दोन संध्याकाळीत उरकला. १९१४ साली सेंट लुईसला जन्म, १९३७ साली नौदल अकादमीतून बाहेर, दोन वर्षं ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर, मग पेन्साकोलाला उड्डाणाचं शिक्षण आणि तिथून जिमी थॅच यांच्या फायटर स्क्वाड्रन ३ मध्ये. यात अडण्यासारखं काही नव्हतं. एक सूचना मात्र आत्ता आठवली म्हणून इथेच सांगतो: वडिलांचं नावही एडवर्ड ओ’हेअरच. ते वकील, शिकागोचा कुप्रसिद्ध गुंड अल कपोन याच्या धंद्यात वावरलेले, पुढे त्याच्या करचुकवेगिरीच्या खटल्यात सरकारला मदत केलेले, आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये शिकागोत गोळ्या घालून मारले गेलेले. पुस्तकांच्या सूचीत बापलेकांची पानं हमखास एकमेकांत मिसळलेली असतात. या लेखातल्या दोन तळटीपा मुलाच्या वाक्याला होत्या आणि पान उघडलं तर तिथे वडील. शिवाय ‘मुलाला चांगलं नाव मिळावं म्हणून बापाने जीव धोक्यात घातला’ ही बोधकथा अतिशय लोकप्रिय आहे. बापाच्या मनात काय होतं हे लेखाच्या भाषेत ठामपणे लिहू नका, असा शेरा मी दिला आणि लेखकाने तो लगेच मानला. माणूस समंजस आहे, हे मला तेव्हाच कळलं. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

२० फेब्रुवारी १९४२ ची लढाई तपासताना मला खरा आनंद मिळाला. ‘लेक्सिंग्टन’ ही विमानवाहू नौका रबाऊल या जपानी तळाच्या रोखाने निघालेली. ओ’हेअर यांचं स्क्वाड्रन मूळचं ‘सॅराटोगा’वरचं, पण तिला जानेवारीत टॉर्पेडो लागल्यामुळे ते ‘लेक्सिंग्टन’वर आलं होतं. जपानी जी४एम बॉम्बरांच्या दोन लाटा आल्या. दुसरी लाट आली तेव्हा तिच्या वाटेत फक्त दोन वाइल्डकॅट लढाऊ विमानं होती, आणि ओ’हेअर यांचा जोडीदार मॅरियन डुफिल्हो याच्या मशीनगन अडकल्या. म्हणजे उरले एकटे ओ’हेअर. चार मशीनगन, प्रत्येकी ४५० गोळ्या, सलग झाडल्या तर सुमारे ३४ सेकंद पुरतील एवढ्या.

इथे आकडे एकमेकांशी भांडतात, आणि परीक्षकाचं काम इथेच सुरू होतं. या लढाईबद्दल ओ’हेअर यांना मिळालेल्या सन्मानपदकाच्या सन्मानपत्रात शत्रूची नऊ विमानं म्हटली आहेत. जपानी नोंदींप्रमाणे पहिल्या लाटेत नऊ होती आणि ओ’हेअर भिडले त्या लाटेत आठ. सन्मानपत्र म्हणतं पाच पाडली आणि सहावं जबर जखमी केलं. जपानी बाजूची नोंद लावून पाहिली की ओ’हेअर यांच्या हातून पडलेली तीन निघतात. त्यांनी जखमी केलेल्या आणखी दोनांपैकी एक रबाऊलजवळच्या वुनाकनाऊ धावपट्टीवर परत उतरलं आणि दुसरं पुढे त्यांच्याच स्क्वाड्रनमधल्या नोएल गेलर यांनी पाडलं. यातला कुठला आकडा लिहायचा? दोन्ही. ‘श्रेय पाच विमानांचं देण्यात आलं, युद्धानंतर दोन्ही बाजूंच्या नोंदी ताडल्यावर तीन असं दिसतं.’ यात त्या माणसाचं काडीचंही कमी होत नाही. आठ बॉम्बरांवर एकटा माणूस तुटून पडला, हे तीनाने किंवा पाचाने बदलत नाही. ‘पाडली’ आणि ‘श्रेय मिळालं’ ही दोन क्रियापदं वेगळी ठेवायची, एवढं एक पथ्य पाळलं तर वैमानिकांच्या चरित्रांतले निम्मे वाद मिटतात.

गोळ्यांचा हिशेबही तसाच. लेखात एका ओळीत होतं की परतले तेव्हा सगळा दारूगोळा संपला होता, आणि दोन ओळींनंतर की एकेका विमानाला अवघ्या साठ गोळ्या लागल्या. मी कागदावर मांडलं: चार गुणिले साडेचारशे, अठराशे. पाच गुणिले साठ, तीनशे. उरलेल्या दीड हजारांचं काय झालं? साठचा आकडा थॅच यांनी काढलेला आहे. तेव्हा तो त्यांच्या नावावर घाला, लेखाच्या नावावर नको, असं सुचवलं. गुणाकार करून बघा, ही माझी सगळ्यात आवडती सूचना आहे. दोन मिनिटं लागतात.

आणि ‘बेटी’ हे नाव. जी४एम विमानाला दोस्त राष्ट्रांनी दिलेली ही सांकेतिक ओळख १९४२ च्या उत्तरार्धातली. फेब्रुवारीतल्या वैमानिकाच्या तोंडी ती घालू नये. हेही लेखकाने विनातक्रार बदललं.

मग आला मृत्यूचा परिच्छेद.

२६ नोव्हेंबर १९४३. प्रशांत महासागरातल्या गिल्बर्ट बेटांवरची मोहीम चालू होती आणि जपानी बॉम्बर रात्री येऊन जहाजांवर टॉर्पेडो सोडत होते. विमानवाहू नौकेवरून रात्री लढाऊ विमानं पाठवण्याचा प्रयोग त्या दिवशी ‘एंटरप्राइज’वरून झाला. रडार असलेलं एक अ‍ॅव्हेंजर टॉर्पेडो बॉम्बर आणि त्याच्या सोबतीला दोन हेलकॅट लढाऊ विमानं. एका हेलकॅटमध्ये ओ’हेअर, दुसऱ्यात वॉरन स्कॉन. अ‍ॅव्हेंजर जॉन फिलिप्स चालवत होते, रडारवर हेझन रँड, आणि वरच्या बुरुजातल्या मशीनगनवर अ‍ॅल्विन केर्नन नावाचा विशीतला मुलगा. अंधारात एकमेकांना शोधून तिन्ही विमानं एकत्र येत असताना मागून एक जपानी बॉम्बर घुसला. केर्ननने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच गडबडीत ओ’हेअर यांचं विमान रांगेतून सुटून खाली गेलं. स्कॉन पाठोपाठ उतरले, पण ते अंधारात दिसेनासं झालं. शोध घेतला, काहीही सापडलं नाही.

लेखात या सगळ्याचं एक वाक्य झालं होतं: ओ’हेअर आपल्याच माणसाच्या गोळीने मारले गेले. आणि त्यापुढे तीन तळटीपा.

तीन तळटीपा दिसल्या की परीक्षक निर्धास्त होतो. मीही झालो असतो. पण आकड्यांवरून एकदा डोळे उघडले होते म्हणून तिन्ही उघडून वाचल्या. पहिली होती विमानतळाच्या नावाची गोष्ट सांगणारा एक लेख. दुसरी एक सर्वसाधारण युद्धकोश, त्यात ओ’हेअर यांना जेमतेम चार ओळी. तिसरीने आधार म्हणून दुसरीचंच नाव घेतलेलं. म्हणजे तीन साक्षीदार नव्हतेच. एकच अफवा तीन तोंडांनी बोलत होती. त्या रात्री विमानात असलेल्या एकाचाही शब्द त्यांत नव्हता.

दुसरीकडे, १९९७ साली आलेलं ओ’हेअर यांचं सविस्तर चरित्र ही घटना मिनिटामिनिटाने तपासतं, आणि गोळ्या बहुधा त्या जपानी बॉम्बरच्या नाकातल्या गनरच्या होत्या अशा निष्कर्षाला येतं. गंमत नाही, लेखकाने हे पुस्तक बाकीच्या लेखात वीसेक ठिकाणी वापरलं होतं. फक्त याच परिच्छेदात नव्हतं.

मी शेरा लिहिला. उत्तर आलं, ‘सगळीकडे असंच लिहिलेलं आहे. तुम्ही एकटेच हरकत घेताय.’ मी लिहिलं, ‘सगळीकडे म्हणजे कुठे ते बघू. तुमच्या तिन्ही टीपा मी वाचल्या आहेत.’ मग चार दिवस शांतता. मग उत्तर: पुस्तक आता हाताशी नाही, ग्रंथालयात परत गेलं, मागणी नोंदवली आहे. ठीक. सात दिवस संपले, मी मुदत वाढवली. दुसरा आठवडा गेला. ग्रंथालयात पुस्तक दुसऱ्याने नेलेलं. तिसरा गेला. मधल्या काळात त्यांनी स्वल्पविराम दुरुस्त केले, जहाजांची नावं तिरप्या अक्षरांत केली, एका चित्राची रुंदी कमी केली. रोज सकाळी मी बदलांची यादी उघडायचो आणि ते वाक्य जिथल्या तिथे असायचं.

चौथ्या आठवड्यात त्यांनी युक्तिवाद केला. ओ’हेअर यांच्यावर आपल्याच लोकांनी आधीही गोळ्या झाडल्या होत्या, हे तर सिद्ध आहे ना? आहे. २० फेब्रुवारीला ते ‘लेक्सिंग्टन’वर परतत असताना जहाजावरच्याच एका गनरने घाबरून त्यांच्यावर मशीनगन चालवली होती. एकही गोळी लागली नाही. उतरल्यावर ओ’हेअर त्या पोराजवळ गेले आणि चाकं खाली सोडलेली असताना पुन्हा गोळ्या झाडल्यास तर तुझी तक्रार करावी लागेल, एवढंच म्हणाले. मला ही हकिकत फार प्रिय आहे. पण एका गनरने १९४२ साली चूक केली म्हणून दुसऱ्याने १९४३ साली केलीच, असं कुठल्या न्यायाने म्हणायचं?

त्या दिवशी मी सगळ्यात जास्त चिडलो. शेवटी लेखकाला जे लिहिलं ते पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं. ‘आपलाच माणूस’ म्हणजे कोण, याचा विचार करा. त्या अ‍ॅव्हेंजरच्या बुरुजातल्या मशीनगनवर एकच जण होता. त्याचं नाव तुम्ही दिलेलं नाही, पण वाचकाला ते शोधायला अर्धं मिनिट पुरेल. केर्नन युद्धातून वाचले, पुढे येल आणि प्रिन्स्टनमध्ये साहित्याचे प्राध्यापक झाले, म्हातारे झाले, आणि ‘ओ’हेअरला याने मारलं’ हे त्यांच्याबद्दल बोललं जात राहिलं. आपण ओ’हेअरचं चरित्र लिहितो आहोत असं तुम्हाला वाटतं. या वाक्यात तुम्ही केर्ननच्या नावावर एक मृत्यू लिहिताय.

याला सहा तासांत उत्तर आलं. ‘हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. थांबा.’

पाचव्या आठवड्याच्या मंगळवारी पुस्तक त्यांच्या हाती आलं आणि बुधवारी परिच्छेद नव्याने लिहून तयार होता. आधी काय दिसलं: बॉम्बर मागून आला, केर्ननने गोळ्या झाडल्या, हेलकॅट खाली गेलं. मग काय म्हटलं गेलं: बराच काळ केर्ननच्या गोळ्यांना दोष दिला गेला. मग १९९७ च्या चरित्राचा निष्कर्ष, त्या चरित्राच्या नावासकट. आणि शेवटी, विमान आणि वैमानिक कधीच सापडले नाहीत. एका वाक्याची चार वाक्यं झाली आणि चारही खरी. मला इतकं हलकं वाटलं की मी तो परिच्छेद तीनदा वाचला.

तेव्हा, पहिलं परीक्षण करणाऱ्यांनो, मृत्यूचा परिच्छेद सगळ्यात आधी वाचा. मी क्रमाने वाचत गेलो ही माझी चूक झाली. हा शेरा पहिल्या दिवशी गेला असता तर पुस्तक परत जाण्याआधीच काम झालं असतं. आणि नुसतं ‘आधार अपुरा’ असं लिहू नका, वाक्याने नुकसान कुणाचं होतंय ते लिहा. माझे पाच आठवडे त्यातच गेले.

चित्रांचं सांगायचं राहिलं. एप्रिल १९४२ मध्ये ओआहूजवळ थॅच आणि ओ’हेअर यांची प्रसिद्धीसाठी छायाचित्रं घेतली होती, त्यांत ओ’हेअर एफ-१३ क्रमांकाच्या विमानात आहेत. लढाईतल्या विमानाचा क्रमांक एफ-१५. लेखातल्या चित्राखाली ‘याच विमानातून पाच बॉम्बर पाडले’ असं होतं. विमानाच्या अंगावरचा आकडा वाचायचा, एवढंच.

मंजुरी देण्याआधी शेवटचं म्हणून पान तळापर्यंत नेलं. तिथे लेख कुठल्या कुठल्या वर्गांत मोडतो त्याची बारीक अक्षरांतली ओळ असते. सेंट लुईसचे लोक, नौदल अकादमीचे पदवीधर, सन्मानपदकाचे मानकरी, आणि त्यांच्यामध्ये: ‘फ्रेंडली फायरमध्ये मृत्यू’, म्हणजे आपल्याच बाजूच्या गोळीने. वरचा परिच्छेद बदलला होता, खाली निकाल तसाच लागलेला होता. मी लेखकाला तेवढी ओळ दाखवली. त्यांनी एक शब्दही न बोलता ती काढली, आणि मी मंजुरी दिली.