सुटकेची जहाजं

नौदल म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर तोफा आणि क्षेपणास्त्रं येतात. मी नौदलात डायव्हर होतो, त्यामुळे माझा जीव गुंतला तो बचाव-जहाजांत. १९७१ साली विशाखापट्टणमसमोर बुडालेल्या पाकिस्तानी ‘गाझी’ पाणबुडीपर्यंत आपले डायव्हर पोहोचले ते ‘निस्तार’वरून. त्याच नावाचं नवं जहाज १८ जुलै २०२५ रोजी नौदलात दाखल झालं, हिंदुस्थान शिपयार्डनं भारतातच बांधलेलं. पाणबुडी तळाशी अडकली तर सुटकेचं यान घेऊन ते धावणार. हे यान ६५० मीटरपर्यंत उतरतं, पाणबुडीच्या दाराला घट्ट बसतं आणि एका खेपेत चौदा जणांना वर आणतं.

खोल पाण्यातून माणूस झटकन वर का येऊ शकत नाही, हे आमच्या विज्ञानाच्या सरांनी वर्गात गोटीसोड्याच्या बाटलीवर दाखवलं होतं. गोटी दाबली, दाब गेला, बुडबुडे उसळले. दाब एकदम गेला की रक्तात विरघळलेल्या वायूचंही तेच होतं. म्हणून डायव्हर जहाजावरच्या दाबाच्या लोखंडी कोठीत दिवसच्या दिवस राहतात. श्वासाला हेलियम आणि ऑक्सिजन, त्यामुळे आवाज चिरका होतो आणि सारखी थंडी वाजते. जेवण दोन दारांच्या छोट्या कप्प्यातून आत येतं. शंभर मीटरवरचं काम संपलं तरी दाब उतरवायला चारेक दिवस जातात.

तौक्ते वादळात, १७ मे २०२१ ला, मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ ही बार्ज, म्हणजे तेलक्षेत्रातल्या कामगारांना राहायची सपाट तळाची नौका, बुडाली. ‘कोची’, ‘कोलकाता’ या युद्धनौकांनी खवळलेल्या दर्यातून माणसं उचलली. पुढे तळाशी शोध घ्यायला सर्वेक्षण जहाज ‘मकर’ लागलं. या शोधाचं मोल आमच्या खारवी वस्तीला कुणी सांगायला नको. समुद्रावर गेलेला माणूस सापडला नाही, तर त्याची वाट बघायची की श्राद्ध घालायचं, हेच घराला वर्षानुवर्षं कळत नाही.

जहाज काढणं हेही तितकंच निकडीचं. निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं. माणसं वाचली, जहाज मात्र वर्षानुवर्षं तिथेच लाटा खात राहिलं. रुतलेलं जहाज लवकर ओढलं नाही तर तळ फाटतो, पाणी भरतं आणि काम दसपट अवघड होतं. कोकणाजवळ ओढनौका आणि डायव्हर कायम सज्ज हवेत, असं माझं ठाम मत आहे.

मिऱ्या, भाट्ये, मिरकरवाड्याची मुलं पाण्यातच वाढतात. त्यांतल्या कुणाला कोचीच्या नौदल डायव्हिंग शाळेविषयी, तिथल्या कानाच्या तपासणीविषयी विचारायचं असेल, तर माझा फोन नंबर आपल्या शाळेच्या कार्यालयात ठेवला आहे.