जुन्या बोलेरो-स्कॉर्पिओचं अ‍ॅव्हरेज वाढवायचंय? आधी चाकं मोकळी करा

लिटरला बारा किलोमीटर देणारी जुनी बोलेरो नऊवर आली की मालक एक तर ती विकायला काढतो, नाहीतर पुण्याच्या नाना पेठेत जाऊन काहीतरी नवीन बसवून घेतो. महिन्याला १,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीत हा फरक जवळपास २८ लिटर डिझेलचा आहे, त्यामुळे कळकळ समजण्यासारखी आहे. पण जुन्या गाडीत दहा-पंधरा वर्षांत कुणी काय काढून टाकलं, काय लावलं, काय अर्धवट सोडलं ते निस्तरण्याइतका फायदा कुठलीच नवीन वस्तू देत नाही. गाडी आधी कंपनीतून आली तशी करायची आणि मग बदलांचा विचार करायचा, हा क्रम उलटा केला की पैसे वाया जातात.

एक हिशेब आधीच सांगतो. नऊची गाडी दहावर आणली तर १,००० किलोमीटरमागे ११ लिटर वाचतात. पंधराची सोळावर आणली तर जेमतेम ४. म्हणजे जड, जुन्या, तहानलेल्या गाडीवर केलेली मेहनत सगळ्यात जास्त फळते.

सुरुवात मोजण्यापासून. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका. टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, किमान तीनशे किलोमीटर, आणि पुन्हा त्याच पंपावर त्याच नोझलनं पहिल्या ऑटो कटपर्यंत फुल. जबरदस्तीनं गळ्यापर्यंत भरलं की दर वेळी एखाद-दोन लिटरचा फरक पडतो आणि सगळं गणित बिघडतं. रस्ता सपाट हवा. कात्रज आणि खंबाटकीचे घाट चढून आलेल्या आकड्यावरून बिघाड शोधता येत नाही. सोलापूर रोडला हडपसर सोडून यवत-चौफुल्याच्या पुढे जाऊन त्याच रस्त्यानं परत यायचं. जाऊन-येऊन केलं की वारा आणि उतार बऱ्यापैकी एकमेकांना खातात.

टायरचा आकार बदललेला असेल तर मीटरच चुकीचं सांगत असतं. बोलेरोच्या २१५/७५ आर१५ टायरचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर, आणि रुबाबासाठी टाकलेल्या २३५/७५ आर१५ चा ७३३. फरक चार टक्क्यांच्या थोडा वर. मीटर १०० दाखवतं तेव्हा गाडी १०४ चाललेली असते. प्रत्यक्षात १२ देणारी गाडी कागदावर साडेअकरा दाखवेल. त्यात रुंद, जड टायरचा खरा तोटा वेगळा. मूळ मापाचे टायर परत टाकणं हा जुन्या एसयूव्हीतला उत्तम बदल आहे.

आता चाकं. जुन्या गाड्यांमध्ये डिझेल खाणारी सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे चिकटलेला ब्रेक. गाडी ओढली जाते, पण रोज थोडी थोडी, त्यामुळे चालवणाऱ्याला कळत नाही. पकडायचं कसं? सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर चालवा, शेवटी ब्रेक शक्य तितका टाळून गाडी हळूच थांबवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरनं चारही चाकांचं तापमान बघा. एकाच अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांत वीस-पंचवीस अंशांचा फरक असेल तर गरम बाजूला काहीतरी घासतंय. थर्मामीटर नसेल तर जॅकवर चाक उचला, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा, आणि हातानं फिरवा. पॅड किंचित घासल्याचा आवाज चालतो. हात काढताच चाक थांबलं तर ते जाम आहे.

इथून पुढे घाईघाईनं पॅड बदलले जातात आणि दुखणं तसंच राहतं. ते न करता, चाक घट्ट असतानाच त्या चाकाचा ब्लीडर निप्पल (ब्रेकचं तेल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) थोडा उघडा. तेल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर लाइनमध्ये प्रेशर अडकून राहतंय. उघडूनही चाक घट्टच राहिलं, तर कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन गंजलाय किंवा तो ज्यांवर सरकतो त्या गाइड पिन धरल्यात. प्रेशर अडकत असेल आणि पुढची दोन्ही चाकं घट्ट असतील, तर ती स्थिती पुन्हा आणून मास्टर सिलिंडरचे (पेडलच्या पुढे ब्रेकचं प्रेशर तयार करणाऱ्या भागाचे) बूस्टरवरचे नट दोन-तीन मिलिमीटर सैल करा. चाकं सुटली तर पुशरॉडला (पेडलचा जोर पुढे नेणाऱ्या दांडीला) फ्री प्लेच, म्हणजे किंचित मोकळी हालचालच, नाही. एकच चाक घट्ट असेल तर त्या बाजूचा रबरी होज आतून सुजलाय. पेडल दाबताना जोरानं तेल पुढे जातं, परत येताना वाट सापडत नाही. असा होज बाहेरून चांगला दिसतो, म्हणून वर्षानुवर्षं तसाच राहतो. होज नेहमी जोडीनंच बदला आणि नंतर ब्लीडिंग करा, म्हणजे लाइनमधली हवा काढा. गाइड पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावायचं. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की रबरी बूट फुगतात आणि महिनाभरात पिन पुन्हा धरते. मागच्या ड्रमला बहुतेक वेळा दोषी निघते ती हँडब्रेकची केबल, पावसाळ्यात पाणी शिरून गंजलेली. तिला वरून तेल पाजणं हा तात्पुरता इलाज आहे, केबल बदला.

काम झालं की कोस्टिंग करून बघा. पहाटे रिकाम्या सपाट रस्त्यावर ६० च्या वेगाला न्यूट्रल, इंजिन चालूच ठेवायचं (नाहीतर ब्रेक बूस्टर आणि स्टिअरिंगची मदत जाते), आणि ४० पर्यंत यायला किती सेकंद लागतात ते सोबतच्या माणसानं मोजायचं. दोन्ही दिशांनी करून सरासरी. काम करण्याआधी एकदा आणि नंतर एकदा हे केलं की डिझेल न जाळता फरक दिसतो. त्याच वेळी टायरच्या खाचांवरून तळहात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो-इन (पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा कल) बिघडलंय. हवा थंड टायरमध्येच तपासायची. हायवेवरून आलेला गरम टायर चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो आणि पंपावरचा पोऱ्या तेवढी काढून टाकतो.

दुसरी मोठी गळती थर्मोस्टॅट व्हॉल्व्हची. इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणं हे त्याचं काम. गाडी कधीतरी घाटात गरम झाली, मेकॅनिकनं व्हॉल्व्ह काढून फेकला आणि सांगितलं, ‘आपल्याकडे गरमीच इतकी, लागत नाही तो.’ गाडी गरम व्हायची थांबली, सगळे खूश. पण डिझेल इंजिनला साधारण ८२ अंशांच्या पुढेच नीट जळण जमतं. थंड सिलिंडरमध्ये डिझेल उशिरा पेटतं, अर्धवट जळतं, ऑइल घट्ट राहतं आणि रिंगा-लायनर जास्त झिजतात. कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या हुकमावर डिझेल सोडणाऱ्या) गाडीत ईसीयूला, म्हणजे त्या कॉम्प्युटरला, इंजिन अजून गार आहे असंच दिसत राहतं आणि तो त्या हिशेबानं डिझेल सोडतो. डिसेंबरच्या सकाळी हे लगेच उघडं पडतं. पंधरा किलोमीटर झाले तरी काटा पावभागावर, आणि कात्रज उतरताना तो आणखी खाली. दुसरी खूण म्हणजे गार इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा होज दोन-तीन मिनिटांतच कोमट लागू लागतो. व्हॉल्व्ह ठीक असेल तर तो बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम गरम होतो.

जुना व्हॉल्व्ह असेल तर पातेल्यात पाणी घेऊन तो तारेनं मधोमध लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. त्यावर कोरलेल्या तापमानाला उघडायला लागला पाहिजे, आणि त्यापुढे दहा-बारा अंशांत पूर्ण. बसवताना छोटी हलती पिन वरच्या बाजूला येईल असा बसवा, नाहीतर हवा अडकते. गॅस्केट नवीन. कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं निम्मं. बोअरचं पाणी ओतू नका, त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत दगडासारखा बसतो.

पण मुळात व्हॉल्व्ह काढावा का लागला होता, हे शोधल्याशिवाय नवीन बसवू नका. एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत वर्षानुवर्षांचा चिखल, किडे आणि कचरा जमलेला असतो, समोरून बघितलं तर दिसतच नाही. दोन्ही वेगळे करून मागून पुढे हलक्या पाण्यानं धुवा. आतून चोंदलेला रेडिएटर असेल तर तो उघडून साफ करा किंवा बदला. हे न करता व्हॉल्व्ह बसवला तर पहिल्याच घाटात गाडी तापेल आणि पुन्हा सगळा दोष व्हॉल्व्हवर येईल.

याच्याच शेजारी व्हिस्कस फॅन, म्हणजे गरम झाल्यावरच जोरात फिरणारा रेडिएटरचा पंखा. त्याचं कपलिंग धरून बसलं की पंखा कायम इंजिनबरोबर फिरतो, आणि पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनानं वाढते. फेरे दुप्पट तर ताकद आठपट. सकाळी गाडी सुरू केल्यावर काही क्षण घोंघावून आवाज कमी झाला पाहिजे. इंजिन गार असताना हायवेवरही २,५०० आरपीएमला विमानासारखी घरघर कायम राहिली तर कपलिंग गेलंय. ते काढून विजेचा पंखा बसवण्याचा मोह होतो. छोट्या गाडीत चालून जातं, पण लोड भरून, एसी लावून खंबाटकी चढणाऱ्या सात-आठ आसनी गाडीला बाजारातला विजेचा पंखा पुरेल याची खात्री नसते. मूळ कपलिंगच नवीन टाका.

हवेच्या बाजूला टर्बो गाडीत एअर फिल्टरपेक्षा जास्त नुकसान इंटरकूलरच्या (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीच्या) होजमधल्या चिरेनं होतं. टर्बोनं दाबलेली हवा बाहेर, डिझेल तेवढंच आत. चढावर काळा धूर, पिकअप कमी, म्हणून पाय जास्त दाबला जातो. होजच्या जोडावर ओशट काळा डाग दिसतो का ते बघा. खात्री करायची तर टर्बोच्या तोंडाला टायरचा व्हॉल्व्ह लावलेलं झाकण बसवून दहा पीएसआय हवा सोडा, त्यापेक्षा जास्त नको, आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फवारा. फिल्टर साफ करायचा तर आतून बाहेर, कमी दाबानं. बाहेरून फुल प्रेशर मारलं की कागदाला बारीक भोकं पडतात आणि धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर.

हे सगळं झाल्यावरच पंप-नोझलला हात लावा. मेकॅनिकल पंपाच्या गाडीत नोझल संचानंच टेस्ट बेंचवर बघायचे. उघडण्याचा दाब मॅन्युअलप्रमाणे आणि फवारा धुक्यासारखा हवा, थेंब टपकता कामा नये. बसवताना तांब्याचे वॉशर नवीन. जुना वॉशर दाबलेला असतो, त्यातून कॉम्प्रेशन निसटतं. पंपाचा सील तोडून स्क्रू ‘वाढवून’ घेतलेला असेल तर कॅलिब्रेशन करून परत मूळ सेटिंगला आणा. कॉमन रेलला चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या बाटल्या लावून आयडलवर दोन मिनिटं चालवा. एका बाटलीत इतरांपेक्षा खूप जास्त डिझेल आलं तर तोच इंजेक्टर. नवीन टाकल्यावर, ज्या गाडीत सोय आहे तिथे, त्याच्यावरचा कोड ईसीयूत भरून घ्या. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीनं उघडा अडकलेला असतो, तो काढून धुवा. पत्रा लावून बंद करणं बेकायदा आहे, धुराचं प्रमाणही बिघडतं.

गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं ऑइल सांगितलं असेल तर जीएल-५ भरू नका, काही जीएल-५ ऑइलं पितळेच्या सिंक्रो रिंगा खातात. मॅन्युअल हबची (पुढची चाकं हातानं जोडायची-सोडायची सोय असलेली) फोर बाय फोर असेल तर डांबरी रस्त्यावर हब फ्री. इंधनाच्या पाइपला लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या, बाटलीतलं पाणी फोडून हायड्रोजन देणारी किट, ओबीडीत (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये) खोचायची लुकलुकणारी डबी, यांवर एक रुपयाही घालवू नका. अमेरिकेच्या ईपीएनं (सरकारी पर्यावरण संस्थेनं) अशी शंभरावर साधनं तपासली आणि बहुतेकांतून काहीच निष्पन्न झालं नाही.

टपावरचं कॅरिअर गरज नसेल तेव्हा उतरवून ठेवा. ८० वरून १०० ला गेलं की हवेचा विरोध दीडपटीहून थोडा जास्त होतो, आणि कॅरिअर त्याच वाऱ्यात उभं असतं. पुढचा लोखंडी गार्ड तर २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्रानं राज्यांना कारवाई करायला सांगितल्यापासून दंडाचाच विषय आहे, शिवाय नाकावर नुसतं वजन.

ट्रकवाल्यांसाठी बदलांना थोडी जास्त जागा आहे. नायलॉन टायरांऐवजी रेडियल हा खरा फायद्याचा बदल, पण एकाच अ‍ॅक्सलवर दोन्ही जाती मिसळू नका. कंटेनर केबिनपेक्षा उंच असेल तर टपावर डिफ्लेक्टर लावा, आणि कोन ठरवायला कंटेनरचं कपाळ बघा. हायवेच्या रात्रीनंतर वरच्या पट्ट्यात किडे चिकटलेले असतील तर वारा अजून तिथेच आपटतोय, डिफ्लेक्टर थोडा उभा करा. उघड्या हौद्याच्या रिकाम्या गाडीवर हाच डिफ्लेक्टर नुकसान करतो. ताडपत्री फडफडू देऊ नका.

क्राऊन-पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलमधली गिअरची जोडी) बदलून तिचं गुणोत्तर ६.८३ वरून ६.१७ वर नेलं की त्याच वेगाला इंजिनचे फेरे सुमारे १० टक्के उतरतात. सोलापूर-लातूरच्या सपाट फेऱ्यांना हे मानवेल. भरलेली गाडी रोज सातारा बाजूला जात असेल तर घाटात एक गिअर खाली घ्यावा लागेल, क्लच तापेल आणि वाचलेलं डिझेल तिथेच जाईल. शिवाय गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात घेता, कंपनीनं त्या मॉडेलला न दिलेला कुठलाही बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

मागच्या जोडीच्या टायरांत मात्र परवानगी लागत नाही आणि फायदा पक्का. दोन्ही टायर एकाच वेगानं फिरतात, त्यामुळे व्यासात ६ मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर एक टायर सतत घासत ओढला जातो. रिमोल्ड (नवीन रबर चढवलेले जुने टायर) टाकताना जोडी टेपनं मोजूनच लावा. टेप परिघावर धरत असाल तर तिथे हाच फरक १९ मिलिमीटर दिसेल. आतल्या टायरची हवा कुणी बघत नाही, कारण हात पोचत नाही. व्हॉल्व्ह एक्स्टेन्शन बसवून घ्या, बाहेरच्या चाकाच्या भोकातून वर काढा आणि हलणार नाही असं क्लिपनं बांधा. सुटं राहिलं तर रिमवर घासून तुटतं आणि हवा तिथूनच जाते.