टीव्हीतली ती सेटिंग आधी बंद करा

'लुक बॅक' (२०२४) हा अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) चित्रपट अवघा ५८ मिनिटांचा. कियोताका ओशियामा यांनी दिग्दर्शन तर केलंच, शिवाय त्यातली बरीच चित्रंही स्वतः काढली. अ‍ॅनिमेटरच्या मूळ रेषा एरवी पुढच्या टप्प्यात साफसूफ होऊन गुळगुळीत होतात. इथे त्यांचा खडबडीतपणा मुद्दाम राखलाय. कौतुक ऐकून चित्रकथा काढणारी नायिका फुजिनो पावसात उड्या मारत घरी निघते, तेव्हा तिचे हातपाय वेडेवाकडे पडतात, आणि तिचा आनंद नेमका तिथूनच आपल्यापर्यंत पोचतो. काय सुंदर प्रसंग आहे तो!

पण हे नीट दिसायला टीव्हीचं 'मोशन स्मूदिंग', म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग, बंद हवं. सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी अ‍ॅनिमेमध्ये बहुधा एकच चित्र दोन किंवा तीन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. मधल्या जागा टीव्ही स्वतःच भरू लागला की रेषांच्या कडा विरघळतात, हालचालीतला झटका मरतो. पिक्चर सेटिंगमध्ये 'मोशन' शोधा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की काम झालं.

'फ्रीरेन' या अ‍ॅनिमे मालिकेचे पहिले चार भाग २९ सप्टेंबर २०२३ला जपानी टीव्हीवर सलग दाखवले होते. तसेच बघा. पहिल्याच भागात ५० वर्षं सरतात, नायिका फ्रीरेनचा जुना साथीदार हिमेल याचा अंत्यविधी होतो. त्याचं ओझं पुढे हळूहळू कळत जातं.

जपानी आवाज ठेवणार असाल तर 'सीसी' (क्लोज्ड कॅप्शन, म्हणजे कर्णबधिरांसाठीची) लिहिलेली इंग्रजी सबटायटल टाळा. ती बऱ्याचदा इंग्रजी डबिंगवरून घेतलेली असतात, त्यामुळे ऐकू येणाऱ्या संवादाशी जुळत नाहीत.